पाळणा : रिकामा

"आली गं पोरी, तपासणीवाली आली! पुलापाशी उतरली!" खालून शाबान आबी ओरडला.

नूरजाननं हातातल्या इपेककडे पाहिलं. तीन महिन्यांची पोर दूध अर्ध्यात टाकून झोपली होती. अशी झोपली की अर्ध्या तासात भुकेनं जागी होणार, हे ठरलेलं.

शाबान आबी धापा टाकत जिना चढून आला. नालबंदांच्या जुन्या घराचं म्युझियम झाल्यापासून तो दारात तिकिटं फाडत होता. "दे इकडे. माझ्या खोलीत ठेवतो."

"ती तर तुमच्याच खोलीत चहा घेते, आबी."

"मग खाली, सैपाकघरात?"

"उंदीर आहेत तिथे. इथली बाहुली कुणी खाल्ली?"

पोरीला सांभाळणारी सासू पहाटेच बहिणीच्या मयताला गावी गेली होती, नवरा तिकडे इझमीरच्या बंदरात कामाला. आणि नेमकं आजच नूरजानचं इथल्या नोकरीचं वर्षाचं करारपत्र संपत होतं. पुढच्या वर्षाची सही अंकाऱ्याहून तपासणीला येणाऱ्या पेरिहान हानमची. ऑफिसात पोर आणलं म्हणून याच बाईनं शेजारच्या गावातल्या एकीला घरी बसवलं, असं सगळे सांगत.

दोघांची नजर एकदमच पाळण्यावर गेली.

ही बाळंतिणीची खोली. पितळी पलंगावर मेणाची बाळंतीण डोक्याला लाल फीत बांधून बसलेली. शेजारी जमिनीवर वाकड्या पायांवर डुलेल असा, अक्रोडाच्या लाकडाचा जड पाळणा, वरून जाळीचं कापड. उंदरांनी बाहुली कुरतडल्यापासून तो रिकामाच होता. पायथ्याशी पाटी : 'रिकामा पाळणा हलवू नये.' ती पेरिहान हानमनंच लावायला लावलेली. गेल्या वर्षी एका जर्मन पाहुण्यानं गंमत म्हणून पाळण्याला झोका दिला, तर हिनं त्याच्या हातावर फटकाच मारला होता. "रिकामा पाळणा हलवला की घरातल्या लेकराला भोवतं," ती थरथरत म्हणाली होती. "माझी आई सांगायची. शिकलेली असले म्हणून काय झालं, मी आजवर हलवलेला नाही."

नूरजाननं इपेकला पाळण्यात ठेवलं. नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. मग पुन्हा पाहिला. जाळी ओढली. आबी खाली धावला.

"कुठे आहात?" जिन्यावरून आवाज आला.

पेरिहान हानम उंच, हाडकुळी. पायघोळ कोट, बुटांवर म्युझियमात चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीखालच्या बैठकीवर, पाळण्याला अगदी खेटून बसली.

"हानम, तिकडे ऊन येतं. या बाजूला..."

"माझे गुडघे गेलेत. ऊनच बरं. यादी वाचा."

नूरजान वाचू लागली. तांब्याची परात, एक. हात धुवायची झारी, एक. आवाज मुद्दाम चढा ठेवला होता, तरी मधल्या एका श्वासात ते ऐकू आलंच : जाळीखालून बारीक कुरकुर.

"मांजर असेल," ती घाईनं म्हणाली. "बाजारात फार झालीत."

"असेल." पेरिहान हानमनं वहीतून मान वर केली नाही.

पण नूरजानच्या अंगाला कुठे फसवता येतं? कुरकुर ऐकताच दूध दाटून आलं, ब्लाउज ओला झाला. तिनं यादी छातीशी घट्ट धरली.

"भिंतीतल्या कपाटात रजया किती?"

"बारा, हानम."

"मला सांगू नका. मोजा. कपाटाकडे तोंड करून, एकेक काढून, मोठ्यानं."

काय बाई आहे! नूरजान पाठ करून उभी राहिली. एक. दोन. मागे पुन्हा कुरकुर, या वेळी जरा मोठी. तीन! चार! आता रडणार. आता सगळं गेलं.

कुरकुर थांबली.

"...अकरा, बारा."

"नीट मोजल्या नाहीत. पुन्हा."

दुसऱ्यांदाही बाराच भरल्या. पेरिहान हानमनं तिसऱ्यांदा मोजायला लावलं. "घाई कुणाला आहे? एकेक घडी नीट करून ठेवा." नूरजानच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाला छळावं तरी किती! पण मागून आवाज नव्हता. चूं नाही की चां नाही.

"पुढे वाचा. तिकडे तोंड करूनच वाचा, उजेड बरा आहे तिथे."

कपाटाशी काळोख होता. तिनं डोळे बारीक करून वाचलं, "पाळणा, अक्रोडाचा, एक..." पुढचा शब्द काही फुटेना.

"रिकामा," पेरिहान हानम म्हणाली आणि लिहून टाकलं. मग कागद उलटल्याचा आवाज, सही करताना पेनाची करकर. "तुमचं करारपत्र. बैठकीवर ठेवलंय. खाली सोडायला येऊ नका, त्या तिकीटवाल्याच्या हातचा चहा पिऊन मी जाते."

"आभारी आहे, हानम."

"रजया चांगल्या राखल्यात."

पिशव्यांची सळसळ खोलीबाहेर गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीनं कर्र केलं. नूरजाननं कपाटाच्या दाराला कपाळ टेकवलं आणि सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला. वाचलो, माझे आई. आंधळीच आहे ही बाई, देवाची कृपा. ती रडता रडता हसली, पदरानं पुसावेत तसे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि वळली.

जाळीच्या आड इपेक टक्क जागी होती, छताच्या लाकडी फुलांकडे बघत, मूठ चोखत.

आणि पाळणा अजून हलत होता.