मुंगी

"मला काही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं झालं," असं म्हणून ती पर्स काखोटीला मारून उठायलाच लागली.

समोरची सर्जन तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने नुकतंच सगळं समजावून सांगितलं होतं. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा एक अरुंद झडप कापून मोकळी केली होती. ती झडप आता गळत होती. रक्त उलटं फिरत होतं आणि हृदयाचा उजवा कप्पा फुगत चालला होता. नवी झडप बसवायला हवी होती. फार थांबून चालणार नव्हतं.

"बस गं छोटे," शेजारच्या खुर्चीतून दादा म्हणाला. सत्तरीकडे झुकलेला, टक्कल पडलेला तिचा भाऊ. परवा तो तिच्याकडे आला, तेव्हा ती जिन्यात मधेच बसून धापा टाकत होती. 'वय झालं' म्हणून तिने हसण्यावारी नेलं. त्याने नेऊ दिलं नाही.

ती बसली, पण हेका सोडला नाही. "डॉक्टर, मी कपडे शिवते. तेव्हाच्या डॉक्टरांचा टाका फार सुबक होता, नाव ठेवायला जागा नाही. पण चांगलं कापड उगाच उसवलं त्यांनी. आमची आई भित्री. पोरगी दमते, पोरगी दमते म्हणून तिनंच सगळ्यांचं डोकं खाल्लं."

"ओठ निळे व्हायचे का तुमचे?"

"पेन चोखायचे ना मी! शाई लागायची."

सर्जन हसली. "आणि पळताना मधेच उकिडवं बसायचात? गुडघे पोटाशी घेऊन?"

"बसायचे की." तिचा चेहरा एकदम खुलला. "पण तो आमचा खेळ होता. मुंगी म्हणायचो. पळता पळता कुणीही 'मुंगी' म्हणून बसलं, की सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. ज्याच्यावर राज्य असेल त्यानंसुद्धा. पहिली मुंगी उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. घरांच्या मागे मोकळी जागा होती, विटांचे तुकडे पडलेले असायचे. दिवेलागणीपर्यंत धुडगूस चालायचा. आणि डॉक्टर, खोटं नाही सांगत, माझ्यावर कधी राज्य आलं नाही. एकदाही नाही. कुणी पकडायला आलं, की मी मुंगी! बसा सगळे! केवढाले दांडगे मुलगे, पण मी उठेपर्यंत चिडीचूप. विचारा याला."

दादा खिडकीबाहेर बघत होता.

"सांग ना रे. पकडलंय कधी मला कुणी?"

"नाही पकडलं," दादा म्हणाला.

सर्जनने टेबलावरचं प्लॅस्टिकचं हृदय हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यासारखा दोष असलेली मुलं तशीच बसतात, मावशी. फुप्फुसांत पुरेसं रक्त जात नाही, जीव घाबरा होतो. पाय दुमडून बसलं की रक्त तिकडे वळतं आणि श्वास परत येतो. त्यांना हे कुणी शिकवत नाही, शरीरालाच कळतं. आम्हाला पुस्तकात असतं हे. पण बाकीच्या मुलांना तसं बसायची काही गरज नसते."

ती आपल्या हातांकडे बघत बसली. सुईने टोचून टोचून राठ झालेली बोटं तिने एकमेकांत गुंतवली, सोडवली, पुन्हा गुंतवली.

"कधी करायचं म्हणता?" तिने शेवटी विचारलं.

बाहेर आल्यावर दोघं बाकावर टेकली. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला. ती दादाकडे वळली.

"मुंगीचा नियम तू काढलास?"

"आईनं बजावलं होतं, तिला पळवू नका म्हणून. पण तुला घरात ठेवलं की तू दार बडवायचीस. अख्खी आळी डोक्यावर घ्यायचीस." दादाने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "बाहेर आणलं तर पळायचीस आणि मधेच बसायचीस. पोरं हसायला लागली. तुझं तोंड एवढंसं झालं. मग मी म्हटलं, बसू या सगळेच."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. तुला सोडून."

"त्या जाड्यालासुद्धा? मला बघून वाकुल्या दाखवायचा तो."

"तो सगळ्यात आधी बसायचा."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदराने डोळे टिपताना तिला एकदम काहीतरी आठवलं. इतक्या वर्षांची तक्रार तिच्या ओठांवर आली, तीसुद्धा अगदी तेव्हाच्याच फुरंगटलेल्या सुरात.

"मग ऑपरेशन करून मी परत आले, तेव्हा मुंगी का बंद केलीत रे? तुम्ही सगळे नुसते पळत होतात. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. किती रडले होते मी त्या रात्री!"

दादाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"आम्ही कुठे बंद केली, छोटे? आम्ही वाट बघत होतो. तूच बसायची थांबलीस."