कॉलमचं टेस्टिंग

साखरपुडा उद्यावर आला, तरी बाबाजींचा कॉलम हूं की चूं करेना. भंगारातल्या रेडिओंचे छोटे स्पीकर एकाखाली एक बसवून त्यांनी तो लेकीसाठी बनवला होता. पूनम सागर बिल्डिंगच्या गच्चीवरच्या भोंग्यातून 'पाणी आलं' म्हणून ओरडायचा जो अँप्लिफायर सोसायटीच्या ऑफिसात होता, त्यालाच कॉलम जोडून, दार लावून, त्यांनी आवाज फुल्ल केला होता.

चहा घेऊन आलेल्या बायकोला बघून त्यांचा बांध फुटला. कॉलमला डोकं टेकून म्हणाले, "सुगंधा, कंपनी बंद पडून वर्ष झालं गं. रोज डबा घेऊन मी भंगारवाल्यांकडे फिरतोय. व्याह्यांना कळलं तर दिव्याचं लग्न मोडेल."

"हळू बोला, कुणी ऐकेल!"

डोळे पुसत ते वायर काढायला वाकले. वायर माइकच्या भोकात होती. तिथे लावलेला स्पीकर बोलत नाही, ऐकतो. आणि ऐकलेलं सगळं गच्चीवरून वाजतं.

दारावर थाप पडली. समोरच्या बिल्डिंगमधले व्याही उभे होते.



"बाबाजी, आमच्या घरापर्यंत आवाज अगदी स्वच्छ येतोय."