अण्णांचा दवाखाना

चार महिने डिलाईल रोडला थोरल्याकडे, चार माझगावला मधल्याकडे, चार माहीमला धाकट्याकडे. दत्तारामअण्णांची ट्रंक कुठेच पुरती रिकामी होत नसे. ज्याच्या पाळीत आजारी पडतील, त्यानेच बरे होईपर्यंत ठेवून घ्यायचं, हा मुलांचा नियम. आता वर्षाची वर्गणी भरून एका दवाखान्यात नाव घातलं की वर्षभर औषधपाणी मिळणार होतं. दवाखाना तेवढा ठरायचा होता; तो ज्याच्या घराजवळ, आजारपणात अण्णाही त्याच्याचकडे.

“माहीमच्या डॉक्टरचा हातगुण चांगला,” थोरला म्हणाला.

“छे, अण्णांना माझगावची हवा मानवते,” धाकटा म्हणाला.

मधल्याने डिलाईल रोडचं कौतुक केलं.

अण्णांनी खोकला गिळला. “गिरगावात घाला माझं नाव.” गिरगावात तिघांपैकी कोणीच राहत नव्हतं.



संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातसुद्धा तिघे भाऊ इतक्या एका आवाजात ओरडले नव्हते: “चालेल!”