वांग्यांतला पायलट

प्रशिक्षणाच्या बदल्यात पाच वर्षं नोकरी सोडायची नाही, असा करार विमान कंपनीने पायलट जीनाकडून लिहून घेतला आणि मग तिला विमानाजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. कंटाळून तिने राजीनामा दिला, तर कंपनीने कोर्टात खेचलं. न्यायाधीशांनी कंपनीलाच झापलं, “उडूच दिलं नाहीत, मग करार कसला?” “सही केलीयस, मुकाट बस,” असं नोकरीत असताना तिला दरडावणारा कंपनीचा अधिकारी आज निर्मळ गावी तिच्या भाजीच्या वाडीत येऊन मॅडम मॅडम करत होता. कंपनीचा युनिफॉर्म परत हवा म्हणे! जीनाने वांग्यांकडे बोट दाखवलं. चिखलात बुजगावणं उभं होतं: अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, टोपीवर कावळ्यांची शीट. साहेबाचा चेहरा पडला. “अख्खंच घेऊन जा की साहेब,” ती म्हणाली. “तुम्हाला असाच पायलट हवा होता ना? उडायचं नाव काढत नाही. सही तेवढी आधी घ्या.”