अकरावं संभाषण

"हे यंत्रच," ती म्हणाली आणि अकराव्या संभाषणापुढे खूण केली.

खटपट्यानं ती खूण पाहिली. यंत्रं जोडण्यात आणि ती पुन्हा उघडण्यात ज्याची हयात चालली होती, त्या तिच्या सहकाऱ्याला सगळे याच नावानं हाक मारत. ती मात्र कागद-पेन्सिलवाली, म्हणून प्रमेयबाई. पडद्यापलीकडे माणूस आहे की यंत्र, हे दहा मिनिटांच्या लेखी गप्पांत ओळखता येतंच, असं तिनं बारा वर्षं खपून सिद्ध केलं होतं. यंत्र प्रश्न विचारतं, पण उत्तराशी त्याला देणंघेणं नसतं. पुढच्या आठवड्यात हे परिषदेत मांडायचं होतं. त्याआधी खटपट्यानं तिलाच परीक्षेला बसवलं होतं.

"कशावरून यंत्र?" त्यानं विचारलं.

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. समोरचा विचारत होता, ती उत्तरं देत होती.

जेवण झालं का?
हो.
काम फार असतं का?
असतं.
आईवडील?
वडील आहेत. गावी.
फोन करता का त्यांना?
वेळ मिळेल तसा.
बरं. जेवण झालं का?

"दोनदा तोच प्रश्न," ती म्हणाली. "एकेका ओळीला मिनिट-मिनिट लावायचं. म्हातारं माणूस वाटावं म्हणून केवढा आटापिटा."

"तू जरा मोकळी उत्तरं द्यायचीस."

"यंत्रापुढे कसलं मन मोकळं करायचं? दुसऱ्या प्रश्नालाच कळलं होतं मला."

खटपट्यानं चष्मा काढला, उगाच पुसला. "बाकीची दहा बरोबर आहेत. हे चुकलं. हा माणूस होता."

बारा वर्षं, आणि आडवं काय आलं तर 'जेवण झालं का'.

"शक्य नाही. कुठून आणलास हा माणूस?"

"आपल्याच लोकांच्या घरची काही वडीलधारी बोलावली होती. गुपचूप. समोर कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. माणूस की यंत्र, हे त्यांनीही ओळखायचं होतं."

"मग त्यांचा कागद दाखव. बघू त्यांना तरी काय कळलं ते."

"राहू दे ना आज."

"दाखव म्हणते ना."

त्यानं तिच्याकडे न बघता कागद पुढे केला. तिचा युक्तिवाद तयार होता. असा एखादा अपवाद तळटीपेत घालता येतो, सिद्धांताला धक्का लागत नाही. तिनं कागद सरळ केला. अक्षर थरथरतं होतं, ओळी उतरत्या.

"समोर यंत्र आहे. वडिलांचं विचारलं तर दोन शब्दांत उरकतं. माझी लेक इथंच कामाला आहे, ती गडबडीत असेल म्हणून भेटत नाही. तिला सांगा, यंत्र छान जमलंय."