नावाआधीची अक्षरं

चेक देशातल्या झ्नोय्मो गावच्या ओल्द्रिख पाथरवटाला कोणती पदवी नावाआधी कोरायची आणि कोणती नावानंतर, हे विद्यापीठाच्या कारकुनापेक्षा चोख ठाऊक होतं. चाळीस वर्षांत गावातला एकही शिकलेला माणूस पदवीवाचून मातीत गेलेला त्याने पाहिला नव्हता. म्हणूनच यार्मिलाबाईंनी लेकाच्या थडग्यासाठी दिलेला कागद वाचून तो थबकला. त्यावर नुसतं 'राद्येक काद्लेत्स' लिहिलं होतं.

"बाई, नावाआधीचं 'इंज.' राहिलं की! लेक इंजिनिअर झाला म्हणून बेकरीच्या रांगेत तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात."

"नको."

"अहो, इथे लोक जावयाची पदवीसुद्धा स्वतःला चिकटवायला बघतात, आणि तुम्ही हक्काची सोडता? दगडावर जागा आहे. मी कोरतो, माझ्याकडून."

यार्मिलाबाईंनी त्याच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली.

"शेवटच्या परीक्षेहून तो परतायच्या आत मी दारावर नवी पितळी पाटी लावली होती. 'इंज. राद्येक काद्लेत्स.' म्हटलं, पोरगं खूश होईल. पुढचं समोरच्या आजींनी पाहिलं. तो आला, पाटी वाचली, बराच वेळ तसाच उभा राहिला आणि घंटी न वाजवताच जिना उतरला. तिथून तडक नदीवर गेला."

ओल्द्रिखने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"नापास झालो, एवढंच सांगायला आला होता हो तो."