उजेडाकडे पाठ

"खुर्ची अजून थोडी वळवा," विमलाबाई म्हणाल्या. "उजेड पाठीवर पडू दे सानिकाच्या."

महिपतरावांनी खुर्ची वळवली. पावसला घर बांधताना त्यांनी हौसेने मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या होत्या. आज त्यातली एकेक खिडकी त्यांना वैऱ्यासारखी वाटत होती.

खेडहून पाहुणे यायचे होते. पाहुणे म्हणजे संदेशचे आईवडील. संदेश आणि महिपतरावांची लेक सानिका मिरजोळ्याला एकाच कंपनीत कामाला. दोघांचं आपसांत ठरलेलंच होतं, पण संदेशचा शब्द असा, की बाबांच्या होकाराशिवाय लग्न नाही. त्यामुळे सगळं आजच्या चहावर येऊन ठेपलं होतं. आणि नेमक्या याच आठवड्यात सानिकाच्या दोन्ही गालांवर मुरमांनी पुन्हा ठाण मांडलं होतं.

तशी ही मुरमं दहावीपासूनची पाहुणी. आता सानिका चोविशीची झाली, तरी जायचं नाव नाही. रत्नागिरीचे त्वचेचे डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "औषधाला वेळ लागेल. तोवर घरच्यांनी तिच्या तोंडाकडे सारखं बघायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही." महिपतरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरात 'चेहरा' हा शब्दच बंद झाला. लेकीशी बोलताना ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तिला वाटे, बाबांना कुठेतरी जायची घाई आहे.

विमलाबाईंनी डॉक्टरांना आंब्याचं विचारलं होतं. "आंब्याने काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टर पडले घाटावरचे. आंबा उष्ण, हे त्यांना कोण सांगणार? विमलाबाईंनी लेकीचा आंबा तोडला. मग पोरीसमोर आपण कसा खायचा, म्हणून महिपतरावांनीही सोडला. दारात हापूसची बाग, आणि घरात दोन मोसम एक फोड कुणाच्या तोंडात गेली नव्हती. हे मात्र सानिका मैत्रिणींना आठवून आठवून सांगे, आणि सांगताना तिचा आवाज हळवा होई.

गाडी वाजली.

संदेशचे वडील हरिश्चंद्र खेडच्या बाजारपेठेतले भांड्यांचे व्यापारी. भांडं जसं वाजवून घ्यावं तसं माणूसही वाजवून घेणारे. नम्रताबाई हसतमुख. आल्या आल्या माडांचं कौतुक करून मोकळ्या झाल्या.

सानिका आत होती तोवर पाहुण्यांना बोलण्यात गुंतवायचं, म्हणजे ती आली तरी कुणाचं फारसं लक्ष जायचं नाही, असा महिपतरावांचा बेत. हरिश्चंद्रांनीच वाट करून दिली.

"यंदा बाग कशी?"

"तुडतुड्याच्या किडीने वात आणला हो. मोहर आल्यापासून फवारणीच चालू."

"इतकी?"

"मारल्याशिवाय फळ हाती लागत नाही. एक औषध चालेना, तर दुसरं. तेही चालेना, तर दोन्ही एकत्र." महिपतराव रंगात आले. औषधांची नावं, कुठलं किती जालीम, कुठल्या वासाने गडी चक्कर येऊन बसला, सगळं सांगून झालं. चेहऱ्याचा विषय दहा कोस लांब ठेवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावेना.

विमलाबाईंनी कापलेल्या आंब्याच्या बशा आणल्या. दोनच.

"तुम्ही पण घ्या की," हरिश्चंद्र म्हणाले.

"छे, आम्ही नाही खात."

"आज उपास?"

"नाही, नाही. आम्ही घरात कुणीच खात नाही. बंदच केलाय."

"स्वतःच्या बागेतला?"

"तोच," महिपतराव म्हणाले, आणि कारण ओठावर आलं ते गिळून घड्याळाकडे बघू लागले.

नेमकी तेव्हाच सानिका चहा घेऊन आली. हरिश्चंद्रांच्या काट्याला टोचलेली फोड तोंडाशी थबकली. त्यांनी सानिकाच्या गालांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काटा बशीत ठेवला आणि बशी हलकेच लांब सरकवली.

महिपतरावांनी उठून सानिकाची खुर्ची उजेडापासून आणखी वळवली.

"बाय, तू पण नाही खात आंबा?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"नाही काका. बाबा झाडावरून पडलेलासुद्धा हाताला लावू देत नाहीत."

"हं," हरिश्चंद्र म्हणाले. पुढे ते चहापुरतेच बोलले. निघताना नम्रताबाईंनी सानिकाच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात महिपतरावांना सांत्वनाला आलेल्या माणसाचा वाटला. त्यांनी गाडीत हापूसची पेटी ठेवली. हरिश्चंद्र नको नको म्हणत होते, पण महिपतराव ऐकतात कुठले.

गाडी वळणाआड गेली. "माझंच तोंड आडवं आलं ना?" सानिका म्हणाली.

"काहीतरीच काय गो," विमलाबाई म्हणाल्या आणि बशा उचलायला लागल्या. एक बशी रिकामी, दुसरी जशीच्या तशी.

दिवेलागणीला संदेशचा फोन आला. सानिकाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"आईला तू पसंत आहेस," संदेश म्हणाला. "मुरमांचं मीच काढलं, तर म्हणाली, तुझी याहून वाईट होती."

विमलाबाईंनी देवाकडे बघून हात जोडले.

"पण बाबा ऐकत नाहीत. वाटेत गाडी थांबवून पेटीतला एकेक आंबा खड्ड्यात पुरला त्यांनी. आईला तडक डॉक्टरकडे नेलंय, तिने अख्खी बशी खाल्ली होती. म्हणतात, पोरगी गुणाची आहे, पण जो माणूस स्वतःच्या लेकीला ज्या आंब्याची एक फोड देत नाही, तोच आमच्यापुढे कापून ठेवतो, त्याच्या घरी सोयरीक नको."